नेत्रवैद्य हिर्शबर्ग : प्रशस्तिपत्र कीं पद्धति ?

(१)

आयुर्वेदाच्या प्राचीनत्वाविषयीं आपल्याकडे गेल्या सव्वाशें वर्षांत जे ग्रंथ व लेख झाले, त्यांच्या प्रस्तावनांत बर्लिनच्या एका नेत्रवैद्याचें नांव पुनःपुनः आढळतें. हें नांव डॉक्टर युलियस हिर्शबर्ग यांचें. कातडीचा जिवंत तुकडा फिरवून अवयव नवा करण्याची हिंदूंची कृति समजल्यावर युरोपच्या शस्त्रवैद्यकास नवें वळण लागलें, हें एक. आणि मोतीबिंदु शलाकेनें खालीं सारण्याची कला मूळ हिंदूंची, हें दुसरें. अशीं दोन मतें त्यांच्या नांवावर दिलेलीं असतात. एवढें सांगून झालें, कीं बहुधा प्रकरण संपतें. हे हिर्शबर्ग कोण, जुन्या ग्रंथांचा पुरावा ते कसा पारखीत, आणि ज्या मताचा आपण दाखला देतों तें त्यांच्याच कसोटीवर कितपत टिकतें, याची विचारपूस क्वचितच होते.

परक्या पंडितानें दिलेलें प्रशस्तिपत्र देवघरांत ठेवावें, पण त्यानें तें ज्या परिश्रमानें लिहिलें ते परिश्रम मात्र आपण करूं नयेत, ही आपली जुनी खोड आहे. प्रस्तुत लेखांत हिर्शबर्ग यांच्या कार्याचें थोडक्यांत परीक्षण करून, त्यांतील घेण्यासारखें काय व सोडण्यासारखें काय, हें पाहण्याचें आम्ही योजिलें आहे. या त्रैमासिकाचे वाचक पोथ्यांच्या संग्रहांत व वाचनांत आयुष्य घालविणारे आहेत. हिर्शबर्ग यांची खरी ओळख शस्त्रक्रियागृहाइतकीच पोथीशाळेंतहि पटते. म्हणून हा विषय येथें परका नाहीं.

(२)

हिर्शबर्ग यांचा जन्म इ. स. १८४३ च्या सप्टेंबरांत पॉट्सडॅम येथें झाला. बर्लिन येथें वैद्यकाचें अध्ययन करून ते आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांच्या हाताखालीं साहाय्यक म्हणून राहिले. तो काळ नेत्रवैद्यकाच्या भरभराटीचा होता. हेल्महोल्ट्झ यांनीं १८५१ त डोळ्याच्या आंत पाहण्याचें यंत्र सिद्ध केलें. ग्रेफे यांनीं १८५७ त काचबिंदूवर शस्त्रक्रियेचा उपाय दाखविला. ग्रेफे १८७० त अवघ्या बेचाळिसाव्या वर्षीं वारले. त्यांच्या शिष्यांपैकीं हिर्शबर्ग यांनीं बर्लिन येथेंच स्वतःचें नेत्ररुग्णालय चालविलें आणि १८७७ पासून नेत्रवैद्यकास वाहिलेलें एक नियतकालिक सुरू केलें.

शस्त्रवैद्य म्हणून त्यांचें नांव झालें तें १८७९ मध्यें. लोखंडाच्या कारखान्यांत घण मारतांना किंवा छिन्नीवर ठोकतांना बारीक कपरी उडून कामगाराच्या डोळ्यांत शिरते. ती वरवर रुतली तर काढतां येते. परंतु भोंक पाडून डोळ्याच्या आंतील गोठलेल्या रसांत जाऊन बसली, तर पूर्वीं तो डोळा बहुधा गेलाच म्हणून समजत. बेल्फास्टचे मॅक्किओन यांनीं १८७४ त साध्या चुंबकाचा प्रयोग केला होता. हिर्शबर्ग यांनीं हातांत धरतां येईल असा विजेचा लहान चुंबक करवून, त्याचें टोंक छेदांतून आंत नेऊन लोहकण बाहेर आणला. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. तेव्हां आंत कण कोठें आहे हें केवळ नेत्रदर्शकानें व अनुमानानेंच ठरवावें लागे. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १८८५ त प्रसिद्ध झाला. पुढें १८९२ त झुरिकचे हाब यांनीं मोठा चुंबक आणिला व तो बाहेरूनच कण ओढूं लागला. परंतु या सर्व शाखेचा पाया हिर्शबर्ग यांनींच घातला, यांत वाद नाहीं.

येथें आमच्या वाचकांस एका गोष्टीची आठवण द्यावीशी वाटते. सुश्रुताच्या सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत शरीरांत शिरलेलें शल्य काढण्याचे पंधरा उपाय सांगितले आहेत. त्यांत अयस्कांत, म्हणजे लोहचुंबक, हा एक आहे. आणि तो केव्हां लावावा याच्या अटीहि तेथें आहेत. शल्य सरळ पडलेलें असावें, मांसांत अडकलेलें नसावें, त्यास कान म्हणजे उलटे कांटे नसावे, व जखमेचें तोंड लहान नसावें. युरोपांतहि सतराव्या शतकांत फाब्रिसियस हिल्डानुस या शस्त्रवैद्यानें, आपल्या पत्नीच्या युक्तीनें रोग्याच्या डोळ्यांतील लोखंडाचा कण चुंबकानें काढल्याचें लिहून ठेविलें आहे. एवढ्यावरून कोणी "विजेचा चुंबक सुश्रुतांत आहे" असें म्हणूं लागेल, तर तो अतिप्रसंग होय. परंतु ज्या चार अटी सुश्रुतांत आहेत त्या कल्पनेनें सुचणाऱ्या नव्हेत. ज्यानें हें काम हातानें केलें व जो त्यांत कधीं फसला, त्यालाच त्या सुचाव्या. ग्रंथांतील वाक्य अनुभवाचें कीं ऐकीव, हें ओळखण्याची दृष्टि ती हीच.

(३)

हिर्शबर्ग इतिहासाकडे वळले ते म्हातारपणीं करमणूक म्हणून नव्हे. १८८७ त त्यांनीं नेत्रवैद्यकाचा शब्दकोश रचिला. १८९० त इजिप्तविषयीं नेत्रवैद्याच्या दृष्टीनें ऐतिहासिक अभ्यास प्रसिद्ध केला. ग्रेफे व झेमिश यांच्या नांवानें निघणाऱ्या नेत्रवैद्यकाच्या मोठ्या संग्रहग्रंथांत त्यांचा इतिहास १८९९ पासून १९१८ पर्यंत खंडशः छापला गेला. आमच्याकडे राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' याचा पहिला खंड १८९८ त काढिला, म्हणजे दोन्ही उद्योगांचा आरंभ एका वर्षाच्या अंतरानें झाला. एकाचा दुसऱ्यास गंध नव्हता. तथापि मूळ साधन हातीं घेतल्यावांचून इतिहास लिहूं नये हा निश्चय दोघांचा सारखाच होता.

आमच्या मतें त्यांचें सर्वांत मोलाचें काम अरबी नेत्रवैद्यांविषयींचें होय. युरोपांत अरबी नेत्रवैद्यक ठाऊक होतें तें मध्ययुगीन लॅटिन रूपांतरांवरून. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिस येथें हीं रूपांतरें छापलीं. त्यांतील एक बगदादच्या अली बिन ईसाच्या 'तझकिरत-उल्-कह्हालीन' या ग्रंथाचें. दुसरें 'कानामुसाली' या नांवावर मोडणारें. हा कानामुसाली म्हणजे मोसलचा अम्मार बिन अली, अशी समजूत रूढ होती. चारशें वर्षें विद्वान् या छापील पानांवरून अरबांची योग्यता ठरवीत आले. पानें भ्रष्ट, म्हणून अरबहि सामान्य, असा निकाल लागत आला.

हिर्शबर्ग यांनीं साठीच्या सुमारास हें काम अंगावर घेतलें. लिपर्ट व मिटवोख या अरबी पंडितांस जोडीस घेऊन त्यांनीं मूळ प्रतींवरून भाषांतरें केलीं. १९०२ त इब्न सीनाचें नेत्रवैद्यक, १९०४ त अली बिन ईसा, व १९०५ त अम्मार, खलीफा आणि सलाहुद्दीन असे तीन ग्रंथकार, या क्रमानें हें साहित्य जर्मन भाषेंत उतरलें. अम्मारसाठीं त्यांनीं हिब्रू भाषांतराचाहि उपयोग केला. मूळ अम्मार वाचतांच कानामुसालीचें बिंग बाहेर आलें. लॅटिन ग्रंथाचा मूळ ग्रंथाशीं कांहीं संबंध नव्हता. कोणीं तरी प्रसिद्ध नांव लावून दिलेला तो बनावट ग्रंथ होता. तसेंच अली बिन ईसाचें लॅटिन रूप मूळाच्या मानानें किती विटलें आहे, हेंहि उघड झालें.

खऱ्या अम्मारमध्यें काय निघालें तें पाहण्यासारखें आहे. हा वैद्य इजिप्तचा खलीफा हाकिम (इ. स. ९९६–१०२१) याच्या वेळचा. मोतीबिंदु मऊ असेल तर तो खालीं न ढकलतां पोकळ सुईनें शोषून बाहेर काढावा, ही कृति त्यानें आपली म्हणून सांगितली असून, मोतीबिंदूच्या स्वतः केलेल्या सहा शस्त्रक्रियांची हकीगत दिली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपांत हीच कल्पना नवी म्हणून पुढें आली होती. अनुभवी वैद्य रोग्याची हकीगत ज्या रीतीनें सांगतो, त्या रीतीची ही हकीगत आहे. केवळ अरबी जाणणारा पंडित हा उतारा भाषांतरून पुढें गेला असता. केवळ शस्त्रवैद्याच्या हातीं तो आलाच नसता. दोन विद्या एका मेजावर बसल्या म्हणून एक बनावट ग्रंथ बाद झाला व एक अस्सल वैद्य उजेडांत आला.

हिर्शबर्ग यांची पद्धति आम्ही आमच्या शब्दांत तीन प्रश्नांत सांगूं. पहिला, ही प्रत कोणती व कोणत्या प्रतीवरून उतरलेली? दुसरा, हा शब्द त्या काळीं कोणत्या अर्थाचा? तिसरा, जें लिहिलें आहे तें जिवंत डोळ्यावर हातानें करतां येतें काय? दुसऱ्या प्रश्नाचें एकच उदाहरण देतों. ग्रीक लोक मोतीबिंदूस 'खालीं ओतलेलें' अशा अर्थाचें नांव देत. अरबांनीं त्यास 'उतरलेलें पाणी' म्हटलें. आणि अकराव्या शतकांत कॉन्स्टंटाइन आफ्रिकानुस यानें लॅटिनांत तें 'कॅटॅरॅक्ट', म्हणजे धबधबा, असें आणिलें. बाहुलीपाठीं दूषित रस उतरून गोठतो, ही समजूत या सर्व नांवांच्या मुळाशीं आहे. डोळ्यांतील भिंगच गढूळ होतें, हें ब्रिसो या फ्रेंच वैद्यानें १७०५ त मृताचा डोळा फाडून दाखवीपर्यंत उपपत्ति चुकीची होती, तरी हात चालत होता. ग्रंथांतील उपपत्ति चुकली म्हणून कृति खोटी ठरत नाहीं. तशीच कृति साधली म्हणून उपपत्ति खरी होत नाहीं.

(४)

आतां दोष. या इतिहासाचे शेवटचे खंड देशवार मांडलेले असून त्यांत चरित्रें व ग्रंथांच्या याद्या इतक्या दाटल्या आहेत, कीं सामान्य वाचकास वाट सांपडत नाहीं. फ्रेडरिक ब्लोडी यांनीं १९८२ ते १९९४ या काळांत त्याचें इंग्रजी भाषांतर अकरा खंडांत काढिलें. आज बहुतेकांस हिर्शबर्ग भेटतात ते त्यांतूनच. परंतु हा दोष विस्ताराचा आहे. याहून मोठा दोष आपल्या देशाशीं संबंध असलेला आहे.

अरबीसाठीं त्यांनीं प्रती जमविल्या, पंडित जोडले, बनावट ग्रंथ उघडा पाडला. संस्कृतासाठीं यांतील कांहींच झालें नाहीं. हिंदूंविषयींचा भाग त्यांस दुसऱ्यांच्या आधारावरच उभा करावा लागला, आणि सुश्रुताच्या प्रतींची छाननी तर त्या वेळीं कोणीच केलेली नव्हती. म्हणून ज्या भागाचा आपण मोठ्या अभिमानानें दाखला देतों, तोच भाग त्यांच्या स्वतःच्या कसोटीवर दुबळा आहे. मोतीबिंदु सारण्याची कला हिंदूंवांचून कोणासच ठाऊक नव्हती, असें वाक्य त्यांच्या नांवावर आपल्याकडे फिरतें. पण रोमच्या केल्सुसनें ख्रिस्ती शकाच्या पहिल्याच शतकांत, आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागांत, ही क्रिया स्पष्ट वर्णिली आहे. मूळ कला कोणाची हा प्रश्न सुश्रुतसंहितेच्या कालनिर्णयावर अवलंबून आहे. तो निर्णय झाल्यावांचून मत देणें म्हणजे पाया घालण्यापूर्वीं कळस बसविणें होय.

त्वचारोपणाचीहि तीच गोष्ट. पुण्याजवळ एका वीटकऱ्यानें कावसजी नांवाच्या गाडीवानाचें कापलेलें नाक नवें केलें, ही हकीगत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मासिकांत ऑक्टोबर १७९४ त आली. कावसजी इंग्रजांच्या सैन्याबरोबर होता व टिपूच्या लोकांनीं त्याचें नाक कापलें होतें. पुणें दरबारीं चित्रें काढणारा जेम्स वेल्स यानें त्याचें चित्र काढिलें. ही हकीगत वाचून लंडनच्या कार्प्यूनें १८१४ त हीच क्रिया केली. हें सर्व खरें व आम्हां महाराष्ट्रीयांस भूषणावह आहे. परंतु वीटकऱ्यानें कातडी घेतली ती कपाळाची; सुश्रुताच्या सूत्रस्थानांत सोळाव्या अध्यायांत ती गालाची सांगितली आहे. म्हणजे पुण्याची कृति पोथी वाचून केलेली नव्हे. ती जातीच्या परंपरेनें चालत आलेली होती, आणि ग्रंथाची व तिची सांगड कोठें बसते हें अद्याप शोधावयाचें आहे. "सुश्रुतावरून कार्प्यू शिकला" असें लिहिणारे हा सांधा गिळून टाकतात, आणि त्याबरोबर त्या निरक्षर कारागिराचें श्रेयहि गिळतात.

मोतीबिंदूविषयीं तर आपल्याकडे याहून अधिक घोटाळा आहे. उत्तरतंत्राच्या सतराव्या अध्यायांतील क्रिया पाहावी. ऋतु समशीतोष्ण असावा. रोग्यास बसवून आपल्या नाकाकडे पाहण्यास सांगावें. डाव्या डोळ्यास उजव्या हातानें, उजव्यास डाव्या हातानें, शिरा चुकवून, पांढऱ्या भागांत यवाच्या तोंडासारख्या शलाकेनें वेध करावा. वेध बरोबर झाला तर पाण्याचा थेंब येतो व आवाज होतो. मग स्त्रीदुग्धाचें सिंचन करून, शलाकेच्या अग्रानें दृष्टिमंडल खरवडावें, आणि दुसऱ्या बाजूची नाकपुडी दाबून रोग्यास जोरानें शिंकरावयास लावावें, म्हणजे कफ निघून जातो. पुढें तूप लावून वस्त्राची पट्टी, उताणें निजणें, ढेंकर, खोकला, शिंक, थुंकणें व हालणें वर्ज्य, दहा दिवस पथ्य.

या शिंकरण्याच्या वाक्यावरून कित्येक आधुनिक लेखक म्हणतात, कीं सुश्रुत मोतीबिंदु बाहेर काढीत असे. आम्हांस हें पटत नाहीं. शलाकेचा वेध टोचण्याएवढा. त्यांतून भिंग बाहेर येणें शक्य नाहीं. नेत्राचा पुढचा पडदा रुंद कापून भिंग काढण्याची योजलेली क्रिया फ्रान्सच्या जॅक दाव्हिएलनें १७४७ त केली व २०६ शस्त्रक्रियांपैकीं १८२ यशस्वी झाल्याचें निवेदन १७५२ त पॅरिसच्या शस्त्रवैद्यकमंडळापुढें ठेविलें. सुश्रुताची क्रिया मोतीबिंदु सारण्याची, अधिकांत अधिक मऊ मोतीबिंदु फोडण्याची. सारलेलें भिंग डोळ्यांतच पडून राहतें. कांहीं काळ दिसतें, पुढें पुष्कळदां दाह होऊन डोळा जातो. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख असलेले एलियट यांनीं फिरत्या वैद्यांनीं अशा रीतीनें सारलेल्या डोळ्यांचा अभ्यास करून १९१८ त पुस्तकच लिहिलें. हें मान्य केल्यानें सुश्रुताचें महत्त्व कमी होतें असें नाहीं. हात कोणता, वेध कोठें, खूण कोणती, वर्ज्य काय, इतकी बारीक व्यवस्था देणारा ग्रंथ थोर आहे. त्यास दाव्हिएलचे कपडे चढविण्याची गरज नाहीं.

(५)

तर मग करावें काय? हिर्शबर्ग यांचें मत बाजूस ठेवावें व त्यांचे तीन प्रश्न उचलावे. आपण छापील सुश्रुत वाचतों तो मुख्यतः डल्हणाच्या टीकेबरोबर आलेला. मधुसूदन गुप्तांनीं कलकत्त्यास १८३५–३६ त पहिलें मुद्रण केलें; यादवजी त्रिकमजी यांनीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून अधिक शुद्ध आवृत्ति दिली. पण काठमांडू येथील कैसर ग्रंथालयांत इ. स. ८७८ ची सुश्रुताची ताडपत्री प्रत आहे. ती डल्हणाहून सुमारें तीनशें वर्षांनीं जुनी. २०१३ त युनेस्कोनें जागतिक स्मृतीच्या नोंदींत तिचा समावेश केला. या नेपाळी परंपरेच्या पाठांत, छापील प्रतींत अध्यायारंभीं येणारें, भगवान् धन्वंतरींच्या नांवाचें वाक्यच नाहीं. ज्या वाक्यावरून आपण ग्रंथाचा वक्ता ठरवितों तेंच मागून आलेलें निघत असेल, तर शिंकरण्याच्या वाक्याचा पाठ जुन्या प्रतींत अक्षरशः कसा आहे, हें तपासल्यावांचून वाद घालणें व्यर्थ होय.

दुसरें साधन आपल्या मराठ्यांच्याच घरचें आहे. तंजावरचे सरफोजीराजे भोसले (राज्य १७९८–१८३२) यांच्या सरस्वती महालांत नेत्ररोग्यांचीं टिपणें व रोगी डोळ्यांचीं रंगीत चित्रें आहेत. टिपणें कांहीं इंग्रजींत, कांहीं मोडींत आहेत. राजे स्वतः शस्त्र धरीत, असें सर्रास लिहिलें जातें. हें लिहिणाऱ्यानें मोडी टिपणांतील क्रियापदाचा कर्ता कोण, हें आधीं दाखवावें. राजांनीं वैद्य ठेविले, टिपणें करविलीं, चित्रें काढविलीं, एवढेंच सिद्ध झालें तरी तें लहान नाहीं. मोडी वाचणारा व डोळा जाणणारा असे दोघे एकत्र बसले, तर याचा निकाल लागेल. बर्लिनमध्यें नेत्रवैद्य व अरबी पंडित असे बसले, म्हणूनच कानामुसालीचा निकाल लागला.

संग्राहकांस आमची एवढीच विनंति आहे. पोथ्या पाहतांना वैद्यकाचें बाड "किरकोळ" म्हणून वेगळें टाकूं नये. शेवटचें पान, लेखकाचें नांव व शक टिपावा. समासांतील औषधांच्या नोंदी व शस्त्रांच्या आकृति जशाच्या तशा उतराव्या. आणि उत्तरतंत्राची प्रत मिळाली तर सतरावा अध्याय अक्षरशः नकलून घ्यावा. हिर्शबर्ग १९२५ च्या फेब्रुवारींत बर्लिन येथें वारले. त्यांनीं अरबांचें ऋण प्रशंसेनें फेडलें नाहीं. प्रती वाचून फेडलें. आपल्या पूर्वजांविषयीं तेवढें तरी आपणांकडून व्हावें.